ईटीपीवर सहा वर्षं झाली. हे काम जन्मभर करावं का?

निवळी | ३ जून, रात्री १०:५०

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

सिव्हिलची पदवी घेऊन मी पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. केलं. गेली सहा वर्षं कोकणातल्या एका एमआयडीसीत, औषधांची कच्ची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे ईटीपी, सांभाळते. मी, एक सहकारी आणि हाताखाली सात ऑपरेटर. हातात ५२ हजार येतात. बरोबरच्या ज्या मैत्रिणी सॉफ्टवेअरकडे वळल्या त्यांना याच्या तिप्पट मिळतात. पुण्याच्या एका कंपनीने आता मलाही बोलावलंय. डेटाचं काम आहे, सहा महिने तेच शिकवणार. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.

पैशांचं गणित मला मांडता येतं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. गेल्या रविवारी मावसबहिणीच्या साखरपुड्यात मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अजून ते घाण पाण्याचंच चाललंय का गं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

ज्यांनी या कामात वीस-तीस वर्षं काढली त्यांना विचारते: शेवटी हाती काय उरतं? 'निसर्गाची सेवा' हे मी पाच जूनला, पर्यावरण दिनाच्या भाषणांत दरवर्षी ऐकते, ते नको. प्रत्यक्ष काय उरलं ते सांगा.

सध्या आमचा गाळही बसत नाहीये. एक लिटरच्या नळकांड्यात अर्ध्या तासानंतरही ७०० मिली गाळच. मन थाऱ्यावर नसायला तेही एक कारण असेल.


फिल्टरहाऊस | ४ जून, सकाळी ६:१५

निवळी, तुला 'तू' म्हणतो, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी पाणीपुरवठ्यात ३४ वर्षं काढून २०१९ ला उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. तू प्रत्यक्षातलं विचारलंस, तर तसंच सांगतो.

२००५ चा महापूर. कृष्णाकाठच्या एका लहान गावाचं जलशुद्धीकरण केंद्र माझ्याकडे होतं, वस्ती तीस हजारांच्या आतबाहेर. नदीचं पाणी म्हणजे नुसता चिखल, गढूळपणा मोजायचं यंत्र १,२०० च्या पुढे. वीज गेलेली, सगळं डिझेल जनरेटरवर. मी आणि माझा केमिस्ट रात्रभर दर दोन तासांनी जार टेस्ट लावत होतो. सहा भांड्यांत तुरटीची वेगवेगळी मात्रा टाकायची, ढवळायचं आणि कोणत्या भांड्यातला गढूळपणा आधी गुठळ्या होऊन खाली बसतो ते बघायचं. एरवी दिवसातून एकदा होणारा फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, सहा-सहा तासांनी. पहाटे चारला पाणी स्वच्छ निघालं. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट केली, नळीत पिवळा रंग आला. क्लोरीन होतं. तेव्हा मी चहा प्यालो.

पंधरा दिवसांनी ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर रस्त्यात भेटले. म्हणाले, "साहेब, पुरानंतर जुलाबाच्या रुग्णांसाठी खाटा वाढवून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्याच राहिल्या." रिकाम्या खाटा. माझ्या नोकरीची कमाई कुणी विचारली तर आधी तेच वाक्य आठवतं. त्या खाटांवर कोण झोपणार होतं ते मला माहीत नाही, त्या माणसालाही माहीत नाही. आपल्या कामाचं असंच आहे. जे टळलं ते दिसत नाही, आणि मामांना ते कसं दाखवणार?

दुसरी गोष्ट. जिल्हा परिषदेत प्रतिनियुक्तीवर असताना डोंगरातली चाळीस-एक गावं माझ्याकडे होती. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी कार्ड. मी गेलो तेव्हा एका गावाला लाल कार्ड होतं. विहिरीला कठडा नव्हता, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर उघड्या पोत्यात पडून निकामी झालेली. पावडरीत क्लोरीन वीस टक्क्यांच्या खाली गेलं की ती टाकली काय न टाकली काय, हे तिथल्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसाला, कुणी सांगितलंच नव्हतं. सातवी शिकलेला पोरगा. त्याला बसवून शिकवलं. पुढे त्या गावाला चंदेरी कार्ड मिळालं तेव्हा माझी बदली होऊन चार वर्षं झाली होती. त्याने फोन केला. नुसतं म्हणाला, "साहेब, चंदेरी." मी गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो.

आता दुसरी बाजू. नऊ बदल्या. मोठीची दहावी माझ्याविना झाली. ठेकेदारांची बिलं, वरून येणारे फोन, ऑडिटचे शेरे यांत निम्मं आयुष्य गेलं. पगार घर चालवण्यापुरता होता, आता पेन्शन आहे म्हणून बरं आहे. हे लपवलं तर तुला दिलेला सल्ला खोटा ठरेल.


भिंगरी | ४ जून, दुपारी १:०५

काकांचं वाचून डोळे भरले. मी मात्र व्यवहाराचं लिहिते, कारण अंतिम मुदत महिनाअखेर आहे.

५२ हजारांवर अडकण्याचं कारण क्षेत्र नाही, तुमची खुर्ची आहे. ईटीपी चालवणाऱ्याला कारखान्यात खर्चाची बाजू समजतात. तेच ज्ञान घेऊन कुठे जाता येतं ते बघा. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सेबीने सक्तीचा केला. तो लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्यातला पाण्याचा आकडा खरा की खोटा हे ओळखणारे फार थोडे. तुम्ही ओळखू शकता. शिवाय २०२१ पासून गेट या प्रवेशपरीक्षेत पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, संशोधनाकडे जायचं असेल तर ती वाट उघडी आहे. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, पवईला आयआयटीचा विभाग आहे.

क्षेत्र सोडण्याआधी खुर्ची बदलून बघा.


पंचगंगा_घाट | ४ जून, रात्री ९:३०

मी इंजिनियर न्हवे, कापडाच्या धंद्यातला माणूस. तरी लिहितो.

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं होतं. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस पिवळा. माझी चुलत बहीण सातव्या महिन्यात होती. त्या काविळीचा धोका गरोदर बाईला सगळ्यांत जास्त असतो हे आम्हाला दवाखान्यात कळलं. ती राहिली नाही.

त्याच्या आधी पाणी कुठनं येतं, कोण शुद्ध करतं, हा विचार आयुष्यात कधी केला न्हवता. आता नळ सोडला की पयला वास घेतो. क्लोरीनचा वास आला की बरं वाटतं. पोरं म्हणतात पाण्याला औषधाचा वास येतोय. मी म्हणतो, येऊ दे.

ताई, तुमच्या मामांना हे वाचून दाखवा.


निवळी | ५ जून, सकाळी ७:२०

पंचगंगा_घाट दादा, काय लिहू कळत नाही. वाचून रात्री झोप लागली नाही. तुमच्या बहिणीबद्दल फार वाईट वाटलं.

फिल्टरहाऊस काका, रिकाम्या खाटांचं वाक्य मी प्लांटच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.


वळसा | ५ जून, सकाळी ११:४०

सगळे राहा म्हणताहेत, म्हणून सोडून गेलेल्या माणसाचंही ऐका.

मी आठ वर्षं एका सल्लागार संस्थेत पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल लिहिले. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना आधी अहवाल, मग जनसुनावणी, मग मंजुरी. कागदावर ही व्यवस्था फार चांगली आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे अहवाल यायचा तेव्हा प्रकल्पाची जागा ठरलेली असायची, आणि पावसाळ्याचं सर्वेक्षण करायला वेळ नाही म्हणून सांगितलं जायचं. किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पात पक्ष्यांची आणि माशांची यादी आधीच्या अहवालातून जशीच्या तशी आली होती. मला ते माहीत होतं. जनसुनावणीला एक कोळीण उभी राहिली. अहवालाचा मराठी सारांश तिच्या हातात होता. तिने माशांची यादी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "ह्यात आमची जिताडी कुठं हाय? आमी काय इकतो मग बाजारात?" मंडपात शांतता. माझ्या सहीचा अहवाल होता तो.

त्यानंतर वर्षभरात मी बाहेर पडलो. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, झोप शांत लागते, पश्चात्ताप नाही. निवळी, तुम्ही रोज जे आकडे लिहिता ते खरे लिहू देतात का? देत असतील तर विचार करा. देत नसतील तर वीस वर्षांनी हाती काहीही उरणार नाही, उलट काहीतरी गेलेलं असेल.


फिल्टरहाऊस | ५ जून, दुपारी ४:१०

वळसा, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बाहेर पडलात ते योग्यच केलंत.

एकच जोडतो. तुमच्या त्या मंडपात अहवाल लिहिणारा एक माणूस मनातून त्या बाईच्या बाजूचा होता. असे लोक निघून गेले की उरतात ते कोण, याची मला काळजी वाटते. हा दोष तुमच्यावर ठेवत नाही.

आमच्या तरुणपणी आकड्यांशी प्रामाणिक राहून स्वस्तात काम करणारी माणसं बघायला मिळाली, हे आमचं भाग्य. सत्तरच्या दशकापासून डॉ. ज. ना. कार्डिले यांनी रामटेक, वरणगाव आणि चांदोरी इथे साध्या पद्धतीची शुद्धीकरण केंद्रं उभी केली. यंत्राने ढवळण्याऐवजी खड्यांच्या थरातून पाणी सोडायचं, तिरप्या नळ्यांत गाळ बसवायचा, आणि फिल्टरमध्ये वाळूवर नारळाच्या करवंटीचा चुरा. लहान गावाला परवडेल आणि गावातला माणूस चालवू शकेल असं पाणी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी चांदोरीला मुद्दाम जाऊन ते बघितलं होतं. मुंबईकर पावसाळ्यात ज्याची पातळी विचारतात तो मोडकसागर एका अभियंत्याच्या नावाने आहे. तेवढा मान फार थोड्यांना मिळतो. करवंटीवाल्या फिल्टरचं नाव गावात कुणाला ठाऊक नसतं, तरी पाणी येत राहतं.


मस्कतचा_पाणीवाला | ५ जून, रात्री ११:५५

तेरा वर्षं आखातात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर आहे. मूळ गाव देवगड तालुक्यात.

पैसा मिळतो, ते खरं. पण मी दुसरंच सांगणार आहे. २००८-०९ मध्ये आखातात लाल शेवाळाची मोठी लाट आली होती, प्लांट बंद ठेवावे लागले होते. मी नंतर आलो, पण इथले जुने लोक अजून त्याच आठवणीवर प्लांट चालवतात. शेवाळ दिसलं की हवेच्या बुडबुड्यांनी ते वर उचलून काढायची यंत्रणा चालू, मग मीठ वेगळं करणाऱ्या पडद्यांकडे पाणी. इथे नदी नाही. प्लांट थांबला तर शहराकडे थोड्या दिवसांचा साठा असतो. त्यामुळे इथे आपल्याला घाण पाण्यावाला कुणी म्हणत नाही, किराणा दुकानदारसुद्धा ओळखतो.

आपल्याकडे नदी आहे म्हणून नदीची किंमत नाही, हे गावी गेलो की फार जाणवतं. निवळी, पैशासाठी क्षेत्र सोडायचं असेल तर आधी देश बदलून बघ. ज्ञान तेच, पगार वेगळा. नंतर परत येता येतं. मलाही यायचंय.


कन्सेंट_२०११ | ६ जून, सकाळी ८:४५

वळसा यांच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर.

२०११ मध्ये मी एका कारखान्यात ईटीपी प्रमुख होतो. पावसाळ्याच्या रात्री बायपासचा व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे प्रक्रिया न करता सांडपाणी बाहेर सोडायचा, तोंडी हुकूम आला. पुरात कुणाला कळतंय, असं कारण. मी लेखी मागितलं. लेखी मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी राजीनामा मागितला गेला. घरात दहा महिन्यांचं बाळ होतं. पाच महिने बिनपगारी काढले, बायकोच्या शिकवण्यांवर घर चाललं. ते दिवस गोड करून सांगणार नाही.

पण बातमी पसरते. दोन वर्षांनी दुसऱ्या एका कारखानदाराने बोलावलं ते याच कारणासाठी. म्हणाला, "मला खरे आकडे सांगणारा माणूस हवाय, प्रदूषण मंडळाची नोटीस आल्यावर कळून काय उपयोग?" आज चौदा ईटीपी माझ्या देखरेखीखाली आहेत, त्यांत दोन डिस्टिलरीचे. स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, ज्याने हाताळलाय त्याला कळेल. चाळीस-पन्नास हजारांचा बीओडी (जंतूंना घाण पचवायला लागणाऱ्या प्राणवायूचं माप) घेऊन काळाकुट्ट द्रव येतो आणि त्यातून आधी गॅस काढून बॉयलरला देता येतो. पहिल्यांदा त्या गॅसची निळी ज्योत पेटली तेव्हा कारखान्याचे वयस्कर अध्यक्ष हात जोडून उभे होते.

मला मिळालेलं सर्वांत मोठं सुख मात्र सूक्ष्मदर्शकात आहे. एअरेशन टाकीतला, म्हणजे हवा सोडून जंतू वाढवतात त्या टाकीतला, एक थेंब काचेवर घ्यायचा. देठावर डोलणारे घंटेसारखे व्होर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसले की समजायचं, प्लांट बरा आहे. विषारी लोड आला की आधी ते नाहीसे होतात, मीटरवर आकडा नंतर येतो. पंधरा वर्षं झाली, अजून सकाळी पहिलं काम तेच करतो.

आता तुमचा गाळ. ७०० मिली म्हणता, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ) किती? औषधी रसायनांच्या सांडपाण्यात स्फुरद कमी असतो. बीओडी शंभर तर नत्र पाच, स्फुरद एक, एवढं तरी हवं. युरिया आणि डीएपी किती टाकता? नीट मोजून टाकता की ऑपरेटर अंदाजाने ओततो? हवेचा मीटर शेवटचा कधी तपासला? आणि सूक्ष्मदर्शकात धाग्यांसारख्या जंतूंचं जाळं दिसतंय का ते आधी बघा.


जेटिंगवाली | ६ जून, रात्री १०:०५

निवळीने विचारलं नाही, पण मनात असणार म्हणून लिहिते. बाई म्हणून साइटवर कसं असतं?

मी एका महापालिकेच्या मलनिःसारण विभागात १८ वर्षं आहे. पहिली तीन वर्षं पंपिंग स्टेशनवर बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. दिवसभर पाणी प्यायचे नाही, मूत्रपिंडाचा त्रास झाला. शहराचं मैलापाणी वाहून नेणाऱ्या विभागात माझ्यासाठी एक शौचालय नव्हतं, या गोष्टीचा राग अजून आहे. मग स्वतः नकाशा काढला, स्वतः फाईल फिरवली. आता आमच्या प्रत्येक पंपिंग स्टेशनला आहे, आणि झाडणाऱ्या बायका तेच वापरतात.

उरतं काय, याचं माझं उत्तर एका वहीत आहे. मॅनहोलमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण सणाच्या दिवशी चेंबर तुंबलं की नगरसेवकापासून सोसायटीपर्यंत सगळे म्हणतात, "एक माणूस उतरवा ना, पाच मिनिटांचं काम." आतला गॅस आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस आत जातो आणि परत येत नाही. माझ्या हद्दीत मी जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने तुंबलेलं मोकळं करणारं यंत्र) येईपर्यंत थांबते. शिव्या खाते, रस्त्यावर पाणी वाहू देते, पण माणूस उतरू देत नाही. प्रत्येक वेळी तारीख आणि कोणाला थांबवलं ते वहीत लिहिते. त्यातला एक मुकादम गेल्या महिन्यात नातीच्या बारशाचे पेढे घेऊन आला होता.


भिंगरी | ६ जून, रात्री १०:४०

जेटिंगवाली ताई, तुमच्यासाठी शब्द नाहीत. ही वही जपून ठेवा.


निवळी | २८ जून, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. तुमचे प्रतिसाद रोज वाचत होते, हातात काही आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी गाळाचं. एमएलएसएस ३,५०० होता, म्हणजे गाळ बसण्याचा निर्देशांक २००. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, कपाटात बंद. धुऊन-पुसून काढला. बघितलं तर धाग्यांचं जाळंच जाळं, व्होर्टिसेला एकही नाही. डीएपी अंदाजानेच पडत होता, कन्सेंट दादा, तुम्ही म्हणालात तसंच. स्फुरद तपासला तर जवळजवळ नव्हताच. मात्रा मोजून द्यायला लागलो आणि हवेचा मीटरही चुकीचा दाखवत होता तो दुरुस्त केला. काल अर्ध्या तासानंतर ४६० मिली, एमएलएसएस ३,४००. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर शिंपी काका नळकांडं उजेडाकडे धरून म्हणाले, "मॅडम, वरचं पाणी बघा, निवळलंय." मी इथे हे नाव का घेतलंय ते त्यांना सांगितलं नाही.

वळसा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मला खरे आकडे लिहू देतात. हे किती मोठं आहे ते तुमचं वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

पुण्याला आज नकार कळवला. इथे पगारवाढीचं पत्रही दिलंय, त्यात गेल्या दोन वर्षांत वाचवलेल्या रसायनांचा आणि पाण्याचा हिशोब जोडलाय. वाढ मिळाली नाही तर भिंगरी म्हणाली तशी खुर्ची बदलेन, काम हेच. मामांना रविवारी प्लांट बघायला बोलावलंय. येतो म्हणालेत.

कन्सेंट दादा, काल एका कोपऱ्यातल्या थेंबात दोन व्होर्टिसेला दिसले, पण देठ आखडलेले होते, डोलत नव्हते. हे सुधारण्याचं लक्षण की नवा काही लोड आलाय?


कन्सेंट_२०११ | २८ जून, रात्री ९:५०

नमुना घेतल्यावर किती वेळाने बघितलात? बाटलीत हवा संपली की तेही आखडतात. उद्या टाकीवरून आणल्या आणल्या, पाच मिनिटांच्या आत बघा. आठवडाभर रोज मोजून इथे टाका. आणि रविवारी मामांनाही एक थेंब दाखवा.